'सर्व्हर नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण वाचा.

२१ मे २०२५ ची सकाळ आठवते का? दहावीचा निकाल १३ मेला लागून गेला होता. राज्यात साडेचौदा लाखांच्या आसपास लेकरं पास झाली होती आणि अकरावीचा प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाईन होणार होता. तोवर ही भानगड मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर, अमरावती एवढ्यापुरती होती. आपल्या कळमनुरीत कॉलेजात जायचं, फॉर्म भरायचा, टीसी जोडायची, संपला विषय. त्या वर्षी मात्र हिंगोली जिल्ह्यातल्या पोरापोरींनाही त्याच एका संकेतस्थळाच्या दारात उभं राहावं लागलं. आणि पहिल्या दिवशी दारच उघडेना. शेवटी नोंदणी २६ मेपासून सुरू झाली.

यातली खरी मेख पुढे आहे. १९ आणि २० मे हे दोन दिवस 'सराव' म्हणून दिले होते. फॉर्म भरून बघा, मग ती माहिती पुसली जाईल, खरी नोंदणी २१ पासून. म्हणजे सराव लेकरांनी करायचा होता. यंत्राचा सराव कुणी घेतला आणि त्यात ते किती वेळा पडलं, हे कुठे वाचायला मिळालं नाही.

आपल्याकडे 'लाईन नाही', 'नळाला पाणी नाही' तसंच 'सर्व्हर नाही' असं म्हणतात. सेवा केंद्रातला पोरगा म्हणतो, "काका, सर्व्हर नाही, उद्या या." काका पिशवी उचलतात आणि वारंगा फाट्याच्या गाडीला लागतात. कुणी भांडत नाही, कारण भांडायचं कुणाशी? पाऊस पडला नाही तर कुणाशी भांडता? सॉफ्टवेअर पडणं हे आपण पावसापाण्याच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. माझं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर चालतं, म्हणून हे मला सहन होत नाही. सॉफ्टवेअर पडण्याला कारण असतं, वेळ असते, ठिकाण असतं, आणि ते लिहून ठेवता येतं.

आता जरा धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

कॉम्प्युटरवर टाकलेलं एखादं सॉफ्टवेअर तपासायचं तर माणूस बसवून दोन-पाचशे गोष्टी रोज करून बघणं परवडत नाही. म्हणून तपासणारा प्रोग्रॅम लिहितात. तो रात्री स्वतःच बटणं दाबतो, नावं भरतो, सेव्ह करतो, आलेलं उत्तर बरोबर आहे का बघतो, सकाळी अहवाल देतो. याला ऑटोमेशन टेस्टिंग म्हणतात. समजा साठाव्या तपासणीत समोरचं सॉफ्टवेअर क्रॅश झालं, म्हणजे मध्येच मान टाकून बंद पडलं. आता तपासणाऱ्याने काय करायचं?

आळशी तपासणारा काहीच करत नाही. मेलेल्या खिडकीत तो बटण शोधत बसतो, सापडलं नाही की 'नापास' लिहितो, पुढच्या तपासणीला जातो, तिथेही बटण नाही, पुन्हा 'नापास'. सकाळी चारशे चाळीस नापासांची लाल यादी हातात. दोष एकच, पण तो त्या ढिगाऱ्यात सापडायचा कसा? दोन-तीन दिवस असं झालं की लोक लाल यादी वाचणंच सोडतात.

लबाड तपासणारा जास्त घातक. त्याला सांगून ठेवलेलं असतं की पडलं तर गुपचूप पुन्हा सुरू कर आणि तीच तपासणी परत घे. दुसऱ्या वेळेला ती पास होते. अहवाल हिरवागार. साहेब खूष, कंत्राटदार खूष, आणि साठाव्या पायरीवर सॉफ्टवेअर पडलं होतं ही गोष्ट जगातून नाहीशी झाली. ती पुन्हा उगवते ती थेट सेवा केंद्रात, काकांच्या नंबरला.

शहाणा तपासणारा वेगळं वागतो. सॉफ्टवेअर जिवंत आहे का यावर तो सारखी नजर ठेवतो. पडलं की आधी पंचनामा: स्क्रीनचा फोटो, शेवटची पायरी कोणती, किती वाजले, मेमरीत त्या क्षणी काय होतं त्याची नक्कल. विंडोजमध्ये ही नक्कल, जिला डंप म्हणतात, आपोआप ठेवण्याची सोय आहे, चालू करावी लागते एवढंच. मग त्या तपासणीपुढे नुसतं 'नापास' नाही, 'क्रॅश' असं वेगळं लिहितो. मागे उरलेली अर्धमेली प्रक्रिया मारतो, डेटा मूळ स्थितीला आणतो, नव्याने सुरू करून उरलेल्या तपासण्या घेतो. दुसऱ्यांदा पास झालं तरी पहिला क्रॅश खोडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जी नोंद चालू असताना ते पडलं ती कुठे गेली, हे उघडून बघतो. पूर्ण जमा झाली, अजिबात झाली नाही, की अर्धवट लटकली?

मुद्दाम पाडून बघणं यात नवीन काही नाही. १९८८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये बार्टन मिलर नावाचे प्राध्यापक वादळी रात्री घरून टेलिफोनच्या तारेवर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम करत होते. विजांमुळे तारेत खरखर येऊन भलतीच अक्षरं घुसत होती आणि त्यांनी चांगले चांगले प्रोग्रॅम कोसळत होते. त्यांनी विद्यार्थ्यांना तेच काम दिलं: वाटेल ती अक्षरं कोंबा आणि काय पडतं ते लिहून काढा. तपासलेल्या प्रोग्रॅमांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा पडला. मृगाच्या विजा कडाडताना इन्व्हर्टरवर फॉर्म भरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर ती अर्धवट लटकलेली नोंद. तिच्यापायी काय होतं ते इंग्लंडच्या टपाल खात्याने दाखवून दिलंय. तिथे १९९९ पासून गावोगावच्या टपाल काउंटरवर 'होरायझन' नावाचं सॉफ्टवेअर बसवलं. हिशेबात तूट दिसली की पोस्टमास्तरने पैसे खाल्ले असं धरायचं, कारण कॉम्प्युटर चुकत नाही. नऊशेहून जास्त लोकांवर गुन्हे शाबित झाले. कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं घर गेलं. २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्येच दोष होते, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

त्यातला एक प्रकार स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन या छोट्या गावचा आहे, २०१५ चा. तिथल्या बाईंना मुख्य शाखेतून दुसऱ्या छोट्या शाखेला ८,००० पौंडांची नोंद करायची होती, म्हणजे कळमनुरीहून आखाडा बाळापूरला रक्कम पाठवावी तशी. स्क्रीन अडकली, पुढे सरकेना. आपण जे करतो तेच त्यांनी केलं, पुन्हा एंटर दाबलं. पुन्हा. पुन्हा. स्क्रीन हलली नाही, पण आत प्रत्येक एंटरला नवी नोंद पडत होती. चार वेळा ८,०००. पाठवले आठ हजार, लागले बत्तीस हजार, तूट चोवीस हजार. मग कंपनीने मागचं तपासलं तर असे शंभराहून जास्त प्रकार निघाले, पाच वर्षांतले.

सांगा, अडकलेल्या स्क्रीनवर चार वेळा एंटर दाबून बघणारी एक तपासणी लिहायला किती वेळ लागतो? अर्धा दिवस.

हे इंग्लंडचं पुराण आपल्याला कशाला, असं म्हणाल. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार विविध कार्यकारी सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची. योजना चांगली आहे. वहीतल्या खाडाखोडीने आपल्या शेतकऱ्याचं किती नुकसान झालंय ते मला ठाऊक आहे, मी वहीकडे परत जा म्हणणारा नाही. पण गटसचिव हा त्या इंग्रज पोस्टमास्तरसारखाच काउंटरवर एकटा बसलेला माणूस आहे. लाईन गेली, कर्जवसुलीची पावती अर्धवट राहिली, नंतर दोनदा लागली किंवा लागलीच नाही, तर गावात पहिलं बोट कुणाकडे जाईल? आणि ज्या शेतकऱ्याने पैसे भरले तो थकबाकीदार दिसला तर पुढच्या हंगामाचं कर्ज त्याला कोण देणार?

कायदाही बघा. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार कॉम्प्युटरमधली नोंद पुरावा म्हणून आणायची तर त्या काळात कॉम्प्युटर नीट चालत होता, किंवा बंद पडला असला तरी नोंदीवर परिणाम झाला नाही, हे दाखवावं लागतं. जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब मध्येही हेच होतं. ठीक. पण क्रॅशची नोंदच ठेवलेली नसेल तर 'नीट चालत होता' हे लिहून देणारा कशाच्या आधारावर लिहितो? अन् गरीब गटसचिवाने 'नीट चालत नव्हता' हे कशाच्या आधारावर सिद्ध करायचं?

अधिकारी मित्र म्हणतात, वेळ नसतो रे, घोषणा झालेली असते. बरोबर आहे. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये वेळ नसताना १७ लाखांवर उत्तरपत्रिका स्क्रीनवर तपासायला घेतल्या. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, परदेशी जाणाऱ्या पोरांचे प्रवेश टांगणीला लागले, आणि २४ ऑक्टोबरला कुलगुरूंना पदावरून काढलं. वाचवलेला वेळ असा फेडावा लागतो.

दुसरे मित्र म्हणतात, टेस्टिंग केलंच होतं. तेही खरं असू शकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका फाइलने जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले, आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची पाळी आली. ती फाइल तपासणीतून पास होऊन गेली होती! सॉफ्टवेअर वाचायला गेलं २१ गोष्टी, मिळाल्या २०, आणि हा फरक पकडायचं काम ज्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमचं, त्यातच दोष होता. म्हणून 'टेस्टिंग केलं' एवढं वाक्य मला पुरत नाही. काय पाडून बघितलं ते सांगा.

सगळं सॉफ्टवेअर कधी ना कधी पडतं, हे मला मान्यच आहे. न पडणारं सॉफ्टवेअर मी मागत नाही. कॉम्प्युटरवरच्या भरती परीक्षांमध्ये मशीन बंद पडलं तर पोराला दुसऱ्या मशीनवर बसवतात आणि दिलेली उत्तरं, उरलेला वेळ तसाच मिळतो. तिथे पडण्याचा विचार आधी केलेला असतो, कारण नाहीतर पोरं कोर्टात जातात. काका कोर्टात जात नाहीत, एवढाच फरक.

मागणं साधं आहे. सरकारी सॉफ्टवेअरच्या निविदेत लिहा की तपासणी आपल्या तालुक्यात असतात तसल्या जुन्या कॉम्प्युटरवर होईल, मध्येच वीज तोडून होईल, नेट तोडून होईल, प्रत्येक क्रॅशचा पंचनामा ठेवला जाईल आणि 'दुसऱ्यांदा पास' हे पास धरलं जाणार नाही. तो अहवाल सुरू करण्याच्या आधी लोकांसमोर टाका. सुरू झाल्यावर पडलं, तर स्क्रीनवर इंग्रजी चौकोनाऐवजी मराठीत एक नंबर द्या, त्याची पावती समजा, आणि जितके तास बंद तितकी मुदत आपोआप वाढवा. मुदतवाढीसाठी आमदाराचं पत्र कशाला लागावं?

आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथला, २,६०० कोटींची लायगो वेधशाळा होतेय. अमेरिकेतल्या लायगोवाल्यांनी २०१० मध्ये स्वतःच्याच यंत्रात गुपचूप खोटा संकेत घातला होता, आपली माणसं तो पकडतात का हे बघायला. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्महिने काम करून शोधनिबंधसुद्धा तयार केला, मग लिफाफा उघडून सांगितलं की बाबांनो, ही परीक्षा होती. कुणाला अपमान वाटला नाही. ही पद्धत औंढ्यापर्यंत येणार असेल तर तिथून तहसिलीपर्यंत यायला रस्ता फार लांब नाही.

तोवर आपल्या हातात काय? स्क्रीन अडकली तर एंटर बडवू नका. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढा, घड्याळ दिसेल असा. तारीख, केंद्र, कोणतं काम, कोणत्या पायरीवर अडकलं, एवढं लिहून ठेवा. केंद्रचालकाला शिव्या देऊ नका, तो तुमच्याइतकाच अडकलेला आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारता येतात: हे सॉफ्टवेअर सुरू करण्याआधीच्या तपासणीचा अहवाल द्या, सुरू झाल्यापासून ते किती वेळा बंद पडलं त्याची नोंदवही द्या, अर्धवट राहिलेल्या नोंदी शोधायची पद्धत काय ते सांगा. नमुना अर्ज मी मराठीत टाईप करून ठेवलाय. ज्याला हवा त्याने गावाचं नाव लिहा, पाठवतो.