ॲडमिन पॅनल कशावर बनवताय? पैसे देण्याआधी हे विचारा



वेबसाइट बनवायची म्हटलं की आपण लोगो आणि रंगावर तासन्‌तास बोलतो. पण रोज सकाळी शटर उघडल्यावर तुम्ही बघणार ती स्क्रीन वेगळीच असते. ऑर्डर किती आल्या, माल किती उरला, कुणाचे पैसे परत करायचेत, हे सगळं जिथं दिसतं ते ॲडमिन पॅनल. तो तुमचा ऑनलाइन गल्ला आहे.

माझ्या दुकानाचं पहिलं पॅनल एका हुशार मुलानं शून्यापासून लिहिलं. दिसायला एक नंबर! दहा महिन्यांनी त्याला नोकरी लागली. दिवाळीच्या तोंडावर मला दोनशे वस्तूंचे भाव बदलायचे होते, आणि एकही डेव्हलपर त्या कोडला हात लावेना. सगळ्यांचं एकच उत्तर, "सर, पहिल्यापासून करावं लागेल." ती दिवाळी मी वहीत ऑर्डरी लिहून काढली. चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. मी फक्त दिसणं बघितलं होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पॅनल शून्यापासून लिहून घेऊ नका. जुनं, भरपूर वापरातलं ओपन सोर्स फ्रेमवर्क निवडा, भले ते दिसायला साधं असो. निवडताना तीन प्रश्न विचारा.

१. हा माणूस गेला तर दुसरा मिळेल का?

जँगो २००५ पासून आहे, पायथॉनवर चालतं. तुमच्या वस्तू, ग्राहक, ऑर्डर यांची रचना एकदा सांगितली की भरायची, बदलायची, शोधायची स्क्रीन त्यात जवळपास तयारच मिळते. मात्र ती आतल्या कामासाठी आहे, ग्राहकाला दाखवायला नाही. लारावेल पीएचपीवर चालतं. त्यावर फिलामेंट नावाचं मोफत पॅकेज बसवलं की पॅनल पटकन उभं राहतं. फ्रॅपे तर आपल्या मुंबईत तयार झालेलं. ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर त्यावरच उभं आहे. रिॲक्ट-ॲडमिनची गोष्ट वेगळी: ते फक्त समोरची स्क्रीन देतं, मागची सेवा म्हणजे एपीआय तुमच्याकडे आधीपासून असावी लागते.

२. लायसन्स कोणतं?

एमआयटी किंवा बीएसडी असेल तर वापरा, बदला, विका, फार अटी नाहीत. जीपीएल असेल तर स्वतःच्या दुकानात चालवायला काहीच अडचण नाही, पण ते सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलंत तर सोर्स कोडही द्यावा लागतो. काही ठिकाणी मूळ भाग मोफत आणि जास्तीच्या सोयींना पैसे असतात. तुम्हाला हवी ती सोय कुठल्या भागात आहे, हे आधीच बघा.

३. सांभाळ किती दिवस होणार?

जँगोच्या दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. उलट उदाहरण अँग्युलरजेएसचं. गूगलचं असूनही २०२१ च्या अखेरीस त्याचा सपोर्ट संपला. मोठं नाव म्हणजे कायमची खात्री नव्हे.

मग कुठलं घ्यायचं? स्टॉक, खरेदी, बिल असं नेहमीचं काम असेल तर आधी ईआरपीनेक्स्ट चालवून बघा. बुकिंग, दुरुस्ती, क्लास असं तुमचं वेगळं काम असेल तर जँगो किंवा लारावेल, तुमच्या भागात ज्याचे डेव्हलपर सहज मिळतात ते. एपीआय तयार असेल तर रिॲक्ट-ॲडमिन. आणि दिवसाला पाच-सात ऑर्डरच असतील तर यातलं काहीच नको! गूगल शीट पुरेशी आहे. ते पैसे मालात घाला.

अजून एक. ओपन सोर्स म्हणजे बियाणं फुकट. नांगरणी, पाणी, राखण तुमचीच. होस्टिंग, अपडेट, डेव्हलपरचा वेळ यांचे पैसे लागणारच. बजेट त्याचं करा.

ॲडव्हान्स देण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: डोमेन तुमच्या नावावर, होस्टिंग तुमच्या नावावर, कोड तुमच्या खात्यात, आणि रोजचा बॅकअप तुमच्या हातात. शिवाय एका कागदावर लिहा, पॅनलमध्ये कोण काय करू शकेल. कामावरच्या मुलाला ऑर्डर दिसावी, पण भाव बदलता यावा का? हे डेव्हलपर नाही ठरवणार, मालकानंच ठरवायचं.

गल्ल्याची चावी आपण दुसऱ्याकडे ठेवून घरी जात नाही. मग या गल्ल्याची का ठेवायची?

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, पण चावी जपा!