कडक गादी आणि "काही नाही बेटा"

नवी गादी घरात आली की पहिले काही दिवस तिच्याबद्दल वाईट बोलायला कोणी धजत नाही. पैसे मोजलेले असतात, पुष्कळ घरांत हप्ते चालू असतात, आणि आणणाऱ्याने ती हौसेने आणलेली असते. मग एखाद्या सकाळी फजरला उठताना अम्मीचा हात खांद्याकडे जातो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काही नाही बेटा, वय झालं आता." पण वय काही आठ दिवसांत होत नाही. आठ दिवसांपूर्वी बदलली ती गादी.

आमच्या घरी कॉयरची, म्हणजे नारळाच्या काथ्याची गादी आली तेव्हा हेच ऐकायला मिळालं. ओळखीच्या घरांतही तेच. तक्रार पुरुषांकडून लगेच येते, मुलं तर उठून दुसऱ्या खोलीत झोपतात. गप्प राहते ती घरातली वडीलधारी बाई. मुलाचा खर्च वाया गेला असं त्याला वाटू नये, एवढंच तिच्या मनात असतं.

तिच्या गप्प बसण्याला आणखी एक आधार मिळतो. "कडक गादी पाठीला चांगली" हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. कंबर दुखली की फळीवर झोपायचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. पण 2003 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या 313 माणसांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली होती. कोणाला कोणती, हे त्यांना सांगितलं नव्हतं. 90 दिवसांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांना अधिक आराम पडलेला दिसला. तेव्हा कडक तेवढं औषधी, असं समजून दुखणं सोसायचं कारण नाही.

गादी जास्त कडक आहे हे ओळखायचं कसं? उताणं झोपून कमरेखाली हात घालून बघा. हात अगदी मोकळा फिरत असेल, खाली मोठी पोकळी राहत असेल, तर कंबरेला आधार मिळत नाही. कुशीवर झोपणाऱ्यांचं सगळं वजन खांदा आणि खुब्यावर येतं. कडक गादीत हे दोन्ही भाग रुतत नाहीत, म्हणून तिथेच दुखतं, हाताला मुंग्या येतात. अंगाने बारीक असलेल्यांना हा त्रास जास्त जाणवतो.

आता उपाय. गादी लगेच बदलायला धावू नका. फोमची गादी वापराने थोडी सैल होते, तेव्हा दोन-तीन आठवडे द्या. मेमरी फोम थंडीत कडक आणि उबेत मऊ होतो, हेही लक्षात ठेवा. कॉयरची गादी मात्र फारशी मऊ होत नाही, तिच्यासाठी वाट बघून उपयोग कमी. उन्हाचंही तसंच आहे. कापसाच्या गादीला ऊन द्यावं, फोमला देऊ नये, कडक उन्हात फोम खराब होतो.

उशीकडेही बघा. कडक गादीत खांदा आत जात नाही, म्हणून कुशीवर झोपणाऱ्याची मान खाली लोंबते. उशी थोडी उंच घ्या, आणि दुसरी एक उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये ठेवा. एवढ्यानेही पुष्कळांची सकाळ सुधारते.

तरीही दुखत असेल तर वरून मऊ थर घाला. त्यासाठी महागड्या दुकानात जायलाच हवं असं नाही. जुनी गोधडी किंवा रजई चार रात्री पसरून बघा. फरक पडला तर आपल्या पिंजाऱ्याकडून कापसाची पातळ गादी भरून घ्या. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी ही आपल्यातलीच घरं, पिढ्यान् पिढ्या याच कामावर जगलेली. 'नद्दाफ' म्हणजेच कापूस पिंजणारा. घरात जुनी, दबून गठ्ठे झालेली गादी पडली असेल तर तोच कापूस पुन्हा पिंजून नवा होतो. गादी टाकून द्यावी लागत नाही आणि कारागिराच्या हातालाही काम मिळतं.

गादी परत किंवा बदलून देण्याची मुदत दुकानाने दिली असेल, तर ती पावतीवर लिहून घ्या आणि प्लास्टिकचं वेष्टण काढण्यापूर्वी अटी वाचा. काही ठिकाणी वेष्टण काढलं की गादी परत घेत नाहीत. लेखी कबूल करूनही दुकान टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

दोन बाबतींत विशेष जपा. वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ थर देऊ नका. त्याला सपाट, कडक बिछान्यावर उताणंच झोपवावं, मऊ गादीत त्याचं नाक दबून श्वास कोंडू शकतो. आईसाठी घातलेली गोधडी बाळाखाली जाणार नाही हे बघा. याउलट अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कडक गादीवर जखमा होतात. मधुमेहामुळे बधिरपणा असेल तर दुखणं कळतही नाही. अशांची कूस वेळोवेळी बदला, पाठ आणि टाचा रोज बघा, आणि हवेच्या गादीबद्दल डॉक्टरांना विचारा. पायातली ताकद कमी होणं, लघवीवर ताबा न राहणं, दुखण्याबरोबर ताप येणं, ही लक्षणं असतील तर गादीला दोष देत थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना "झोप लागली का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "हो" हेच येतं. "खांदा दुखतो की कंबर?" असं विचारा. शाळेत आमचा रोजचा अनुभव आहे, "समजलं का?" म्हटलं की सगळा वर्ग मान डोलावतो. नेमका प्रश्न विचारला तरच कुठे अडलंय ते कळतं.