मग बॉम्ब ठेवणारे कुठे आहेत?

१३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. १७ माणसे गेली. तेव्हापासून आम्ही मुसलमान दहशतवादावर बोलायला लागलो की लोक आधी निषेध मागतात. निषेध आहेच. बॉम्ब नाव विचारून फुटत नाही, आमचीही मुले त्याच रस्त्याने कॉलेजला जातात. म्हणूनच तपास खरा झाला का, हे विचारण्याचा हक्क आम्हालाही आहे.

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक जण चार वर्षांपूर्वीच कैदेत असताना वारला होता.

एरवी पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. मकोकात पोलीस अधीक्षकापुढचा चालतो. या खटल्याचा मोठा आधार असेच कबुलीजबाब होते. ते छळ करून घेतले, हे आरोपींचे म्हणणे उच्च न्यायालयाने मान्य केले. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. तो त्याचा हक्क आहे.

दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. तिथे सहा जण मेले होते. पहिल्या निकालावर हळहळणारे दुसऱ्यावर खूश झाले आणि पहिल्यावर शुक्र अदा करणारे दुसऱ्यावर संतापले. आपले लोकही त्यात आलेच.

आरोपीचे नाव पाहून इन्साफ मोजणाऱ्या दोन्ही गटांना माझा एकच सवाल आहे : मग बॉम्ब ठेवणारे कुठे आहेत? मारहाण करून कागद भरला की फाईल बंद होते, खरा गुन्हेगार मोकळा राहतो. मानवी हक्क म्हणजे आरोपीवर केलेली मेहरबानी नव्हे. योग्य माणूस पकडला जावा यासाठी तपासाला घातलेली ती शिस्त आहे. ती मोडणारा तपास अधिकारी देशाची सुरक्षा वाढवत नाही, घटवतो.

चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ मध्येच २७७ व्या अहवालात सांगितले. तो कायदा मागू या, आणि खोटा पुरावा रचणाऱ्यावर खटलाही. फक्त आपल्यासाठी नव्हे. मुंबई आणि मालेगावच्या मृतांच्या घरचेही अजून इन्साफाची वाट पाहत आहेत.