नेव्हिलचे चार गोल
२०१७ साली नवी मुंबईत, नेरूळला कुमारांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले. पण खाडीपलीकडच्या मुंबईत खेळून नाव काढलेला नेव्हिल डिसोझा किती जणांना ठाऊक आहे? गडी मूळचा गोव्याचा. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियावर एकट्याने तीन गोल चढवले. भारत ४-२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियावर पहिला गोलही त्याचाच. पण तो सामना हातचा गेला. भारत चौथा आला. पदक नाही, म्हणून नावही मागे पडले. १९८० साली तो वारला.

ऐन सुगीत पावसाने पीक नेले, म्हणून पेरणाऱ्याची मेहनत खोटी ठरत नाही, हे तुम्ही जाणता. पोरांना खाशाबा जाधवांचे पदक सांगता, तसे नेव्हिलचे चार गोलही सांगा.