काचबशीतली पेशी, ताटातली भाकरी

ज्वारीची भाकरी खाणाऱ्या, रानात राबणाऱ्या माणसाला प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही, असं सोलापूर जिल्ह्यातल्या माढ्याच्या पारावर कुणीही छातीठोकपणे सांगेल. वर शेजारच्या बार्शीचा दाखला देईल. बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची नोंदणी होते. खेड्यांसाठीची ती देशातली पहिलीच. तिच्यात या रोगाचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने फारच कमी आहे.

आकडा खरा, अनुमान खोटं. हा रोग उतारवयाचा, आणि त्या वयापर्यंत पोचणारी माणसं आपल्याकडे आजवर कमीच होती. अमेरिकेत पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाची रक्ततपासणी सर्रास होते, त्यामुळे लक्षणं नसलेलेही मोजले जातात. इथे लघवीची धार तुटू लागली तरी ‘वयोमानानं होतंच’ म्हणत माणूस गप्प बसतो. जे तपासलंच नाही, ते वहीत कुठून येणार? आणि ज्या रानाची साक्ष काढता, तिथे उजनी धरणाच्या पाण्याने ऊस आला. मालक आता बांधापर्यंत मोटरसायकलने जातो.

दुसरा दावा अधिक घातक: पथ्याने कॅन्सर मरतो, औषध कशाला? त्यामागे एक खरा प्रयोग आहे. अमेरिकेतल्या डीन ऑर्निश यांनी ९३ रुग्ण घेतले. त्यांतल्या एका गटाला वर्षभर शाकाहार, रोजचं चालणं आणि योग दिला. २००५ साली निष्कर्ष आले. या गटाच्या रक्तद्रवाने काचबशीतल्या कॅन्सर पेशींची वाढ ७० टक्के रोखली, दुसऱ्या गटाच्या फक्त ९ टक्के. पण हे रुग्ण सौम्य रोगाचे होते, डॉक्टरांच्या नजरेखाली होते. आणि काचबशी म्हणजे शरीर नव्हे. ४७८ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षं भाज्या वाढवायला लावणाऱ्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. रोगाची वाटचाल थांबली नव्हती. तिथे फक्त भाज्या होत्या, ऑर्निश यांचा सगळा कार्यक्रम नव्हता, हे मान्य. तरीही भाजीच्या भरवशावर उपचार सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

मग खाणं-चालणं वाया का? मुळीच नाही. कॅनडात ५२ रुग्णांपैकी निम्म्यांनी बारा आठवडे दम लागेल असा व्यायाम केला. त्यांचा पीएसए व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा खाली राहिला. मला मात्र सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पुरुषी हार्मोन रोखणारा उपचार सुरू झाला की स्नायू झडतात, हाडं ठिसूळ होतात, चरबी चढते. अशा वेळी वजनांचा व्यायाम ताकद टिकवतो आणि थकवा कमी करतो, हे चाचण्यांत दिसलं आहे. आपल्या घरात नेमकं उलट होतं. ‘अण्णा, आता काही करू नका’ म्हणून त्यांना बाजेवर निजवतात. माया असते, पण त्या मायेने माणूस खचतो. अण्णांना उठवा, चालवा. रोग हाडांत उतरला असेल तर वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि लघवीतून रक्त दिसलं तर काढे उकळत बसू नका. जवळच्या कुर्डुवाडीहून बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाकडे जायला गाडी आहे.