मुलाचं नाव ‘जॅक’ ठेवायचं म्हणता? समुद्री चाच्यांवरून सुचणारी नावं

बाळाच्या नावांची यादी आई-बाबांच्या फोनमध्ये असते आणि त्या यादीत एखादं नाव असं असतं, जे आजीला सांगायची हिंमत कुणाचीच होत नाही. आमच्या घरी ते नाव आहे ‘जॅक’.

दादा-वहिनी बंगळुरूला असतात. येत्या रविवारी भाच्याचं बारसं आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा, म्हणून यादी माझ्याकडेही आली. कॅप्टन जॅक स्पॅरोचा पहिला सिनेमा 2003 साली आला, तेव्हापासून दादा समुद्री चाच्यांच्या प्रेमात आहे. (हिंदी भागात राहणाऱ्या वाचकांनो, हा चाचा म्हणजे काका नव्हे. जहाजं लुटणारा तो चाचा.) तुमच्याही घरी असा कुणी हौशी बाबा असेल, तर पुढचं त्याला वाचून दाखवा.

जॅकपासूनच सुरुवात करू. नाव छोटं आहे, उच्चाराला सोपं आहे. पण मराठीत ‘जॅक लावला’ म्हटलं की वशिला आठवतो, नाहीतर पंक्चर झालेलं चाक. गंमत म्हणजे या नावाचा एक खरा चाचा होऊन गेला, जॉन रॅकम. तो कॅलिकोचे कपडे घालायचा म्हणून त्याला ‘कॅलिको जॅक’ म्हणत. आणि कॅलिको म्हणजे कालिकतचं, आजच्या कोळिकोडचं सुती कापड! 1720 मध्ये जमैकात त्याला फाशी झाली. टोपणनावात केरळचं कापड आणि शेवट फासावर. दादाला फक्त पहिला भाग आवडला.

बाकीची नावं पटकन सांगते. ‘ड्रेक’ ऐकायला रुबाबदार, पण इंग्रजीत त्याचा अर्थ नर बदक असाही होतो आणि शाळेतली मुलं हे शोधून काढतातच. ‘मॉर्गन’ गोड आहे, मात्र घरातल्या काकांना आधी रमची बाटली आठवेल. ‘वन पीस’ पाहणाऱ्या आई-बाबांना ‘लफी’ हवं असतं. ठेवा, पण वर्गात त्याचं ‘लफडं’ व्हायला दोन दिवस पुरतील.

यादीतल्या एका नावावर मात्र मी थांबले. ‘एव्हरी’. दादाला ते वेगळं आणि स्टायलिश वाटलं होतं. हेन्री एव्हरी हा इंग्रज चाचा. 1695 मध्ये त्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज पकडलं. त्यात मक्केहून सुरतेला परतणारे यात्रेकरू होते. काही दिवस लूट चालली, माणसांचे हाल झाले, बायकांवर अत्याचार झाले. त्याची शिक्षा सुरतेतल्या इंग्रज व्यापाऱ्यांना भोगावी लागली, त्यांना कैदेत टाकण्यात आलं. एव्हरी स्वतः कधीच सापडला नाही. नुसतं गूगलवर ‘फेमस पायरेट नेम्स’ शोधलं, तर हा माणूस साहसी वीर म्हणून समोर येतो. मी दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “खोड ते.”

म्हणून माझं एक सांगणं आहे. चाच्याचं नाव आवडलं, तर त्याने कुणाचं जहाज लुटलं आणि त्यावर कोण होतं, तेवढं आधी वाचा. आणि त्याला चाचा कोण म्हणत होतं, तेही बघा.

कारण इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘पायरेट’ म्हणून आणखी एक नाव सापडतं, कान्होजी आंग्रे! मराठा आरमाराचे सरखेल. आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा परवाना घ्यावा, नाहीतर जहाज जप्त, असा त्यांचा नियम होता. असाच परवाना पोर्तुगीज त्यांच्या आधीपासून सक्तीने विकत होते, पण त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून अलिबागवर हल्ला केला आणि हात हलवत परत गेले. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव ‘आय. एन. एस. आंग्रे’ आहे. केरळच्या कुंजाली मरक्कार यांचंही तसंच. झामोरिनच्या या आरमारप्रमुखांना पोर्तुगीज चाचे म्हणत आणि चौथ्या कुंजालींना त्यांनी 1600 मध्ये गोव्यात ठार केलं. ‘आय. एन. एस. कुंजाली’ हाही नौदलाचाच तळ आहे.

तेव्हा दादासारख्या बाबांना ‘कान्होजी’ सुचवून बघा. कागदावर कान्होजी, घरात कान्हा. आजी खूश, बाबाही खूश. दिल्लीत असा, इंदूरला असा, बडोद्यात असा, कान्हा कुणाला दोनदा सांगावं लागत नाही.

मला स्वतःला ‘सारंग’ फार आवडतं. सारंग म्हणजे हरीण, सारंग म्हणजे राग आणि कोकण किनाऱ्यावर सारंग म्हणजे जहाजाचा प्रमुख. शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग होते, आणि मायनाक भंडारीही. 1679 मध्ये खांदेरी बेटावरून इंग्रजांशी झुंजले ते हेच मायनाक. हे नाव आजच्या कानाला जड वाटलं, तर ‘मैनाक’ घ्या. मैनाक म्हणजे रामायणातला समुद्रात लपलेला पर्वत, जो हनुमानाला विसावा द्यायला वर आला. बंगाली शेजाऱ्यांना हे नाव ओळखीचं असेल.

आणि ज्यांना समुद्र, खजिना आणि लुटारू असं सगळंच एका नावात हवं आहे, त्यांच्यासाठी ‘रत्नाकर’. हसू नका! रत्नाकर म्हणजे रत्नांची खाण, म्हणजे समुद्र. शिवाय वाटमारी सोडून ऋषी झालेल्या वाल्याची जी लोककथा आपण ऐकतो, ती उत्तरेत आणि बंगालमध्ये सांगताना त्याचं आधीचं नाव रत्नाकर असतं. आमच्या बाबांच्या ऑफिसात या नावाचे तिघे होते. आज बालवाडीत एकही सापडणार नाही, म्हणजे वेगळेपणाही आलाच.

नाव पक्कं करण्याआधी एक करून बघा. ते नाव आडनावासकट मोठ्याने म्हणा, मग गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारतोय असं समजून ओरडा. आणि सगळ्यांचं एकमत होत नसेल, तर भांडू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असली, तरी ती नावाशिवायही होते. पुढे 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं.

आमच्याकडे आता दोनच नावं उरली आहेत, सारंग आणि कान्होजी. वहिनी सारंगच्या बाजूने आहे, आजी कान्होजीच्या. दादाने हार मानली आहे, पण एका अटीवर. कागदावर काहीही असो, तो बाळाला ‘कॅप्टन’ म्हणणार. परवा व्हिडिओ कॉलवर आजीच बाळाला ‘कॅप्टन, दूध प्यायलास का रे?’ असं विचारत होती.