धोरण म्हणजे भाषणंच ना?

मागच्या रविवारी बेळगावहून मामीचा फोन. "अरे, हिला समजाव जरा. इलेक्ट्रिकलची बी.ई. झाली, हातात नोकरी आहे, आणि म्हणते ऊर्जा धोरणात पीएच.डी. करणार. धोरण म्हणजे भाषणंच ना?"

समजवायलाच मी मामेबहिणीला फोन लावला. तिनं मलाच अमूल्य रेड्डींची गोष्ट ऐकवली.

रेड्डी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत-रसायनाचे प्राध्यापक. १९७० साली बॉक्रिस यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक जगभर गाजलेलं. असा माणूस चाळिशी ओलांडल्यावर, १९७४ मध्ये, संस्थेतच 'अस्त्र' नावाचा ग्रामीण तंत्रज्ञानाचा गट उभारतो आणि खेड्यांतल्या चुली मोजायला लागतो! कोण किती सरपण आणतं, पाण्याला कोण जातं, सगळं मोजलं. गावाची मुख्य ऊर्जा होती लाकूडफाटा, आणि वेळ जात होता बायका-मुलांचा.

तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावात त्यांच्या गटानं सामुदायिक गोबरगॅस उभारला, तो स्वयंपाकासाठी. तो फसला, कारण घरोघरच्या चुलीला पुरेल एवढं शेणच गावात नव्हतं. मग १९८७ मध्ये त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज केली. तिच्यावर बोअरचा पंप चालला, घरात दिवे लागले. उरलेला रबडा खत म्हणून शेतकऱ्यांना परत.

तेच गणित त्यांनी कर्नाटकाच्या वीज नियोजनाला लावलं. किती वीज लागेल हे आधी विचारू नका. उजेड किती हवा, पाणी किती उपसायचं ते विचारा. चांगले दिवे, चांगले पंप धरले, तर सरकारी आराखड्यापेक्षा पुष्कळ कमी विजेत भागतं, असा त्यांचा हिशोब निघाला. (आमच्याकडे सॉफ्टवेअर मंद झालं की आधी नवा सर्व्हर मागतात. कोड कोणी उघडत नाही. मीही त्यातलाच.)

आता व्यवहाराचं. शिष्यवृत्ती तिच्या हातातल्या पगारापुढे तोकडी आहे. पाच वर्षं जातील, आणि कायमची जागा कधी मिळेल याचा भरवसा नाही. हे मी तिला सांगितलं. तिला ते माझ्याआधीच ठाऊक होतं.

रात्री मामीला कळवलं, मला काही समजावता आलं नाही. पुऱ्याची गोष्टही सांगितली. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे बायकांचं पाणी भरणं वाचलं म्हण की. बरं, तुझ्या मामांशी मात्र तूच बोल."